घटनेची घंटा

नगरच्या कॉलेजात मी चार वर्षं होतो आणि विद्यार्थी मंडळाच्या एकवीस सभांना हजर राहिलो. त्यातल्या सतरा झाल्याच नाहीत. म्हणजे आम्ही जमायचो, सतरंजी अंथरायचो, अध्यक्ष खुर्चीत बसून खाकरायचे, आणि मागच्या बाकावरून एक बारीक, काडी मोडल्यासारखा आवाज यायचा, "गणपूर्ती?"

तेवढ्या एका शब्दावर सभा जागच्या जागी मरायची.

तो आवाज आमच्या राज्यशास्त्राच्या सरांचा. मंडळाचे ते सल्लागार, आणि मंडळाची घटना त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली. एकोणचाळीस कलमं, लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेली वही, वर पांढरी चिठ्ठी. त्या वहीत लिहिलं होतं की सभेला एकावन्न विद्यार्थी हजर हवेत. सर उठायचे, बोटानं डोकी मोजायचे, आणि पन्नास भरली तर पन्नासही जणांना नमस्कार करून सांगायचे, "सभा तहकूब." त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, चांगलं भारदस्त होतं. पण सगळं कॉलेज त्यांना तहकूबसर म्हणायचं. हे त्यांना माहीत होतं. "या नावाचा ठराव झालेला नाही," एवढंच ते म्हणत.

आता नगर जिल्ह्यातल्या माणसाला सभा काय असते ते शिकवायला नको. दर आठ-दहा मैलांवर सोसायटी नाहीतर साखर कारखाना. शुभंकरोती यायच्या आधी पोरांना एक वाक्य पाठ होतं : 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' माझे वडील कोल्हारच्या सोसायटीचे सभासद. ते कधी वेळेवर सभेला गेलेच नाहीत, सरळ अर्ध्या तासानं जायचे. पहिली सभा ही फक्त तहकूब होण्यासाठी बोलावतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मी मंडळाचा सचिव झालो तेव्हा मोठ्या ऐटीत सरांना म्हणालो, "सर, ते अर्ध्या तासाचं वाक्य आपल्या घटनेत घालू या. सगळे घालतात."

सरांनी चष्मा काढला. "ते वाक्य म्हणजे मागचं दार. घराला मागचं दार असावं. सभेला नसावं."

"पण सर, माणसं येत नाहीत."

"मग बोलवा. आपण सचिव आहात."

आम्हा पोरांना अहोजाहो करणारे ते कॉलेजातले एकटेच. वर्गात कोणी पेंगत असला तर म्हणत, "आपण सभात्याग केला आहे का?" हॉटेलात चहा अगोड लागला की आमच्या तोंडांकडे बघत, "साखर कमी असल्याची सूचना आहे. अनुमोदन?" अनुमोदन मिळालं तरच साखर मागवायचे. मिळालं नाही तर तसाच प्यायचे, कारण बहुमत.

राहायला केडगावात, आणि रोज सायकलवर. त्या सायकलची घंटा बघण्यासारखी होती. दर रविवारी राखेनं घासलेली, तिच्यात तोंड बघून भांग पाडावा अशी. पण ती वाजलेली कोणी ऐकली नव्हती. समोर माणूस आला की सर सायकलवरून खाली उतरत, त्याला जाऊ देत आणि परत चढत. मी एकदा विचारलं, "सर, घंटा आहे ना?"

"माणूस दिसला की मी उतरतो. मग वाजवू कशाला? आणि रस्त्यावर कोणी नसताना वाजवली तर ती खोटी नोटीस होते."

त्यांच्या घरी आम्ही एकदाच गेलो. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पोहे केले होते. सर पोह्यांत लिंबू हवं की नको यावर आमची मतं घेऊ लागले, तेव्हा बाई आतून म्हणाल्या, "अहो, पोरांना खाऊ द्या." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "या घरात दोनच सभासद. मतं कायम समसमान पडतात. मग अध्यक्षांचं निर्णायक मत लागतं. लग्न झाल्यापासून अध्यक्ष मी आहे." सरांनी मुकाट्यानं लिंबू पिळलं.

आता कलम अकराची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आणि तिच्यातला गुन्हेगार मी आहे.

सरांच्या गणपूर्तीला कंटाळून मी एकदा युक्ती केली. कॉलेजसमोरच्या चहाच्या हॉटेलात दुपारी पन्नास-साठ पोरं असायचीच. मी बाकावर उभा राहिलो, "सभा सुरू झाली" म्हणालो, आणि भज्यांच्या ताटल्यांवरून हात वर करून घेऊन सहलीचा ठराव मंजूर केला. नोंदवहीत 'स्थळ : कॉलेजजवळ' असं लिहिलं. सरांनी ते वाचलं. मला वाटलं, आता हे ओरडणार. ते ओरडले नाहीत. रीतसर सभा घेऊन, रीतसर एकावन्न पोरं गोळा करून त्यांनी घटनेत दुरुस्ती केली. कलम अकरा : 'महाविद्यालयाच्या शिपायाने महाविद्यालयाची घंटा ज्या ठिकाणी वाजवली असेल, ते सभेचे ठिकाण मानले जाईल. घंटा वाजल्याखेरीज सभा सुरू झाली असे मानले जाणार नाही.'

म्हणजे झालं. घंटा कॉलेजच्या पडवीत तुळईला टांगलेली, परातीएवढी, पितळी. ती काही भजी खायला येणार नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला.

त्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. पाथर्डीकडची, कर्जतकडची पोरं घरी गेली ती परत आलीच नाहीत. सगळी दुष्काळी कामावर. माझा खोलीतला जोडीदार भानुदास तिसगावचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, आणि त्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला तो पहिलाच. तो दिवाळीला गेला आणि पाझर तलावाच्या कामावर दगड वाहू लागला. डिसेंबरात एका दिवसापुरता आला, ओठ फुटलेले, हाताला घट्टे.

"हजेरी भरत न्हाई म्हनून टर्म देनार न्हाईत, परीक्षेला बसू देनार न्हाईत म्हनं," तो म्हणाला. "आन टर्म गेली तर आबा परत धाडायचे न्हाईत. धाकटा हाय ना रांगेत. एकाच्या पाठी दोन वर्सं कोन घालवील?"

आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य दुष्ट नव्हते, पण त्यांना वरच्यांचा धाक होता आणि खालच्यांचा ताप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोड हसून म्हणाले, "विद्यार्थी मंडळाचा ठराव आणा. रीतसर. मी स्वतः व्यवस्थापनापुढे ठेवतो."

रीतसर! तो शब्द उच्चारताना त्यांनी खिडकीतून तहकूबसरांच्या सायकलकडे बघितलं, हे मी शपथेवर सांगतो.

मी दोन सभा बोलावल्या. गावातली पोरं यायला तयार नव्हती, त्यांची टर्म ठीक होती. पहिल्या सभेला एकतीस आली, दुसरीला चव्वेचाळीस. दुसऱ्या सभेच्या आधी मी सरांना गाठून हात जोडले. "सर, आज मोजू नका. फक्त आजच्या दिवस."

"आज तुमच्यासाठी मी खोटं मोजलं," सर म्हणाले, "तर उद्या प्राचार्य त्यांच्यासाठी खोटं मोजतील. आणि त्यांच्याकडे खुर्ची माझ्यापेक्षा मोठी आहे."

आणि त्यांनी मोजलं. आणि चव्वेचाळीस जणांना नमस्कार केला.

त्या दिवशी मी सरांना नाही नाही ते बोललो. "तुमच्या वहीपायी भानुदासचं वर्ष चाललंय. एकावन्न पोरं आणू कुठून? ती सगळी तिकडं दगड वाहतायत!"

सरांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "तिकडं म्हणजे कुठं?"

"तिसगावच्या तलावावर."

"आपले विद्यार्थी तिथं किती?"

"आजूबाजूच्या गावांतली धरून चाळीसेक असतील."

सरांनी वही उघडली. कलम अकरावर बोट ठेवलं. आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. वरच्या ओळीत त्यांचा एक दात नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

नोटीस त्यांनी स्वतः लिहिली. विषय : दुष्काळी कामावरील विद्यार्थ्यांची हजेरी. स्थळ : कलम अकराप्रमाणे. घटनेप्रमाणे नोटिशीवर प्राचार्यांची सही लागायची. प्राचार्यांनी ती न वाचता केली. एवढी वर्षं न होणाऱ्या सभांच्या नोटिसांवर ते सही करत आले होते, त्यांचं तरी काय चुकलं?

सभेच्या दिवशी सकाळी सरांनी किरकोळ रजेचा अर्ज टाकला, रामभाऊ शिपायाला शिडी लावायला सांगितली आणि घंटा खाली उतरवली. रामभाऊ पांढराफटक. "सर, माजी नोकरी जाईल."

"रामभाऊ, कलम अकरामध्ये महाविद्यालयाचा शिपाई आहे. म्हणजे तुम्ही. घटनेत तुमचा उल्लेख आहे. प्राचार्यांचा त्या कलमात नाही."

एवढा मान रामभाऊला जन्मात कोणी दिला नव्हता. त्यानं घंटा घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतली.

स्टँडवर कंडक्टरनं आम्हाला अडवलं. आम्ही दहा पोरं (गावातून तेवढीच तयार झाली), सर, रामभाऊ आणि ती घोंगडी.

"ह्ये काय हाय?"

"महाविद्यालयाची घंटा," सर म्हणाले.

"लगेज पडंल."

"लगेज म्हणजे मालकाबरोबर जाणारी वस्तू. इथं आम्ही हिच्याबरोबर जात आहोत. ही नसेल तर आम्हाला जायचं कारणच नाही."

कंडक्टरनं त्यांच्याकडे, मग घोंगडीकडे बघितलं. मागं गर्दी ओरडत होती. "मास्तर, डोकं नका खाऊ. बारा वर्सांच्या आतली हाय असं समजतो," असं म्हणून त्यानं घंटेचं अर्धं तिकीट फाडलं. सरांनी ते घडी घालून वहीत ठेवलं. त्या सभेच्या इतिवृत्ताला ते अजून डिंकानं चिकटवलेलं असेल.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. धुळीत माणसंच माणसं. डोक्यावर पाट्या घेऊन बायांची रांग चाललेली, भरावावर मुकादम उभा. सर सरळ त्याच्यापुढे गेले, लाल वही छातीशी धरून, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी घटना घेऊन आलो आहे."

रांगेतली पहिली बाई थांबली. पाटी खाली पडली. "आगं बया! कुनाच्या घरची?"

"कुठं घडली?" दुसरी म्हणाली.

"घडलेली नाही," सर गोंधळून म्हणाले, "लिहिलेली आहे."

"लिवून आली? तार हाय, तार!"

झालं! त्या काळी खेड्यात तार येई ती कोणीतरी गेल्याचीच. क्षणात सगळी रांग मोडली, पाट्या आपटल्या, एका म्हातारीनं गळा काढला, आणि भरावाच्या पलीकडून भानुदास धावत आला. चेहरा उतरलेला. "सर! कोन गेलं?"

"कोणी गेलेलं नाही," मी ओरडलो. "सभा आहे, सभा! कॉलेजची!"

मुकादम संतापला. काम थांबलं होतं, बाया रडत होत्या आणि कोणी मेलेलं नव्हतं. "सभा करा न्हाईतर लगीन लावा, पन जेवायच्या सुट्टीत," तो म्हणाला. सरांनी ते मान्य केलं. आणि सुट्टी होईपर्यंत त्याच्याकडून हजेरीचं मस्टर मागून घेतलं, सावलीत बसून पानं उलटत राहिले. कॉलेजच्या पोरांच्या नावांवर बोट ठेवत, ओठांनी मोजत.

"एकही खाडा नाही," ते भानुदासला म्हणाले.

"खाडा कसा करनार सर? खाडा केला तर त्या दिवशीचं जेवान जातं."

"मग हजेरी भरली आहे. फक्त मस्टर दुसरं आहे."

सुट्टी झाली. रामभाऊनं घंटा बाभळीच्या फांदीला टांगली, पाठ ताठ केली आणि टोले दिले. रोज पडवीत तो असे कंटाळून द्यायचा की तास संपला की मेला ते कळू नये. त्या दिवशी आवाज पलीकडच्या डोंगराला जाऊन परत आला. पोरं गोळा झाली. धुळीनं सगळ्यांचे केस पांढरे झालेले, आमचा अख्खा वर्ग एकदम म्हातारा झाल्यासारखा.

सर मोजू लागले. मीही मनात मोजत होतो.

पन्नास.

त्यांनी दुसऱ्या टोकापासून परत मोजलं. पन्नास. भानुदास त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सगळेच बघत होते. सरांनी तोंड उघडलं, आणि ज्या शब्दानं त्यांनी आमच्या एवढ्या सभा मारल्या होत्या तो 'तहकूब' शब्द काही केल्या बाहेर येईना. मी पुटपुटलो, "सर..." त्यांनी मान हलवली. नाही. खोटं मोजणार नव्हते ते. पण खरंही बोलवत नव्हतं.

"सर, सुमन!" भानुदास एकदम ओरडला.

सुमन आमच्याच वर्गातली. जूनमध्ये फी भरली आणि त्याच महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती कॉलेजात दिसेनाशी झाली. आता ती बायांच्या घोळक्यात सासूशेजारी बसली होती, पदर कपाळापर्यंत, हातात भाकरी.

"यांचं नाव कमी केलंय का?" सरांनी मला विचारलं.

"नाही सर. फी भरलेली आहे, नाव आहे."

सर तिच्यापुढे गेले. "आपण सभेला हजर आहात का?"

सुमननं सासूकडे पाहिलं. सासूनं सरांकडे. "हजर म्हंजी काय करायचं तिनं?"

"हात वर करायचा."

"त्येनं काय हुतंय?"

"हिचं वर्ष वाचेल. आणि या सगळ्या पोरांचंही."

"आन न्हाई केला तर?"

"सगळ्यांचं जाईल."

म्हातारीनं सुनेच्या हातातली भाकरी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. "मग बगतीस काय? सकाळधरनं पाटी उचलायला हात वर जातुया, आत्ताच जड झाला व्हय?"

सुमननं हात वर केला. आणि तिला सोबत म्हणून म्हातारीनंही केला.

"आपण सभासद नाही," सर म्हणाले.

"असू द्या. एकटीला लाज वाटती तिला."

"एकावन्न," सर म्हणाले. मग त्यांनी मला लिहायला सांगितलं, "आणि एक निमंत्रित."

ठराव पाच मिनिटांत झाला. दुष्काळी कामावरची हजेरी ही महाविद्यालयातली हजेरी धरावी. सूचक भानुदास, अनुमोदक सुमन. विरोधी कोणी? मुकादम म्हणाला, "सुट्टी संपली." तोही नोंदीत यायचा, मी थांबवलं.

इकडं कॉलेजात त्या दिवशी काय झालं ते आम्हाला परतल्यावर कळलं. घंटा नाही, म्हणून पहिला तास संपलाच नाही. इतिहासाचे प्राध्यापक पानिपतावर बोलत होते ते दुपारपर्यंत बोलत राहिले. पोरांना वाटलं सरांना संपवायचं नाही, सरांना वाटलं पोरांना फारच आवडलंय. शेवटी प्राचार्य स्वतः हातात घड्याळ घेऊन पडवीत टाळ्या वाजवत फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना बोलावलं. "घंटा कोणाच्या परवानगीनं नेली?"

सरांनी नोटीस पुढे ठेवली. "स्थळ, कलम अकराप्रमाणे. खाली आपली सही आहे."

ठराव रीतसर होता. 'रीतसर' हा शब्द प्राचार्यांचाच. त्यांनी तो व्यवस्थापनापुढे ठेवला, वर दोन चांगली वाक्यंही बोलले असं ऐकलं. टर्म मिळाली. भानुदास एप्रिलात पेपराला बसला आणि सेकंड क्लासात पास झाला. सुमनही बसली. तिची सासू तीन तास बाहेर लिंबाखाली बसून होती, आणि घंटा झाली की रामभाऊला म्हणायची, "वळखलं बरं का हिला."

सरांचं सल्लागारपद मात्र काढून घेतलं. कारण दिलं नाही. त्यांनी पदभार सोडण्यापूर्वी आम्ही त्यांच्या आभाराचा ठराव मांडायला सभा बोलावली. सर मागच्या बाकावर येऊन बसले. मी उभा राहिलो आणि मागून आवाज आला, "गणपूर्ती?"

अठ्ठेचाळीस भरली.

"सर, विषय तुमचाच आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच. सभा तहकूब."

नव्या सल्लागारांनी पहिल्याच महिन्यात अर्ध्या तासाचं ते वाक्य घटनेत घातलं. त्यानंतर आमच्या सभा सात-सात माणसांत सुरळीत पार पडू लागल्या. मला त्यातला एकही ठराव आठवत नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाला आम्ही ठरवून जमलो. भानुदास आता हायस्कुलात शिकवायचा, तो आला. सुमन आली. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मी उठलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात झोकदार वाक्य टाकलं, "आभाराचा तहकूब ठराव मी पुन्हा मांडतो!"

"गणपूर्ती?" सर व्यासपीठावरून म्हणाले.

"आहे!" सगळं सभागृह गरजलं.

सरांनी तरी मोजलं. एकावन्नावर थांबले, मान डोलावली. मग म्हणाले, "घंटा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कॉलेजात विजेची घंटा येऊन जमाना झाला होता. पितळी घंटा कुठल्या अडगळीत होती देव जाणे, आणि रामभाऊ केव्हाच पेन्शनीत गेला होता. भानुदासनं कपाळावर हात मारला.

"मग सभा सुरूच झालेली नाही," सर म्हणाले. "चहा आहे ना? घ्या."

चहा झाला. सगळ्यांना नमस्कार करून सर बाहेर पडले, हार कॅरियरला अडकवला, सायकलवर चढले. मी फाटकापर्यंत गेलो. दुपारची वेळ, केडगावकडे जाणारा रस्ता लांबपर्यंत मोकळा. माणूस नाही, कुत्रं नाही.

वळणावर जाऊन सरांनी घंटा वाजवली.